लाइन चालू असल्याचा आवाज

ग्रामपंचायतीच्या खोलीत, जन्म-मृत्यूच्या रजिस्टरांवर
बिडीच्या बंडलाएवढी एक डबी ठेवली आहे मी.
पाच व्होल्ट. पंखा नाही. छतावरच्या सोलरवर जगते.
मोबाइलची रेंज सिंदेवाहीच्या पुढे जंगलात शिरत नाही,
म्हणून खम्ममला मिरची तोडायला गेलेल्यांशी बोलायचं
तर हिच्यातूनच,
बुधवारी आणि शनिवारी, दिवेलागणीच्या आधी.

माणूस बोलतो.
डबी त्याच्या एका सेकंदाचे पन्नास तुकडे करते,
एकेक दाबून, घडी घालून, पत्ता लिहून धाडते,
तिकडून आलेले पन्नास त्याच सेकंदात उलगडते.
दशांशाचं गणित हिला शिकवलेलंच नाही,
सगळं पूर्णांकांत, पेरांवर मोजल्यासारखं.
फाल्गुनात प्रोसेसर नव्वद टक्के. चैत्र लागला, सत्त्याण्णव.
आणि येसनबाईंचा पोरगा असा येऊ लागला:
"मा… …वली का… पै… …वारी…"

"हकला झाला का वो हा तिकडं जाऊन?"
बाईंनी मलाच विचारलं.

चौकीदार दुधरामनं डबीवर बोट ठेवलं, झटकन काढलं.
दुसऱ्या दिवशी नातवाच्या करगोट्यातला
भोकाचा पैसा सोडवून घेऊन आला.
"तांबं हाये. ताप ओढते."
चिपवर चिकटवला.
चार अंश उतरले. चारच,
पण "माय" पूर्ण ऐकू आलं.

मग मी आत शिरलो. कोण किती खातं ते पाहिलं.
सगळ्यांत खादाड निघाला प्रतिध्वनी पुसणारा:
स्पीकरमधून निघालेला आवाज माइकमध्ये परत शिरू नये
म्हणून एकतीस टक्के जागरण.
स्पीकरच काढला. बंद पडलेल्या सरकारी फोनचा
काळा रिसीव्हर जोडला, कानाला लावायचा.
एकतीस टक्के वाचले.

आणि खोली बदलली.
आधी रांगेतल्या सगळ्या बाया सगळ्यांचं ऐकायच्या,
कोणाचा मुकादम पळाला, कोणाच्या हाताची आग होते,
मधेच एखादी ओरडून सांगायची, "खोबऱ्याचं तेल लाव मनाव!"
आता एकेक जण भिंतीकडे तोंड करते,
पदर रिसीव्हरवर ओढून घेते.
दोन-तीन जणी पहिल्यांदाच रडल्या.
मला फक्त पडद्यावरची रेघ दिसते.

येसनबाईंची रेघ वेगळी.
दोघं मायलेक अर्धा वेळ गप्पच असतात.
आणि डबी त्यांची शांतताही
तेवढ्याच कष्टानं तुकडे करून, घड्या घालून पाठवत होती.
म्हटलं, हे कशाला? गप्प असतील तेव्हा काहीच पाठवू नको.
एक ओळ बदलली. रेघ धपकन खाली, नऊ टक्के.
मला आनंद झाला, खोटं का बोलू.

बाईंनी रिसीव्हर हलवला, फुंकला, परत कानाला लावला.
"मेली ना बाप्पा लाइन."
नाही मेली, तो गप्प आहे.
"गप तं तो नेहमीच राह्यते.
पण गप असला का असल्यावानी वाटे.
आता तं तिकडं कोणीच नाही."

त्यावर उपाय आहे, पुस्तकात लिहिलेला.
डबीनं आपल्याच पोटात थोडी खरखर बनवायची,
यदृच्छेनं उचललेले आकडे, बारीक आवाजात,
लाइन चालू आहे एवढंच कळावं म्हणून.
दोन टक्के खर्च.

शनिवारी बाई किती तरी वेळ ऐकत बसल्या.
नऊ आणि दोन, अकरा. रेघ आडवी.
मग मान न वळवता मला म्हणाल्या,
"वारा सुटला वाटते तिकडं."

दुधरामनं माझ्याकडे पाहिलं. त्याला मी सगळं सांगितलेलं होतं.
मी रजिस्टराचा कोपरा सरळ करत राहिलो.

"कानाले दुपट्टा बांधत जा," बाई रिसीव्हरला म्हणाल्या.
"वाऱ्याचा निजू नको भाईर."

तो काय बोलला, कोण जाणे.
स्पीकर मीच काढला आहे.
बावन्न टक्के झाले, बराच वेळ राहिले,
एवढं दिसलं.
मग पुन्हा अकरा.